लहान मोटार आणि वळणाचा हिशेब

मोटार सरळ रस्त्याने पळवणे यात फारसे कौतुक नाही. रस्ता रिकामा असला आणि टाकीत पेट्रोल असले की कोणतीही मोटार पळते. मोटारीची, आणि ती हाकणाऱ्याचीही, परीक्षा होते ती वळणावर. तेथे इंजिनाचा फारसा उपयोग नसतो. मोटारीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये जी योजना असते तिच्यावर सारी भिस्त असते. हिला आपल्याकडे गॅरेजमधला पोऱ्याही सस्पेन्शन म्हणतो आणि आपणही तोच शब्द वापरू. ‘निलंबन’ हा प्रतिशब्द सुचवला जातो खरा. पण तो कानावर पडला की कोणी तरी कारकून लाच घेताना सापडला असावा असे वाटते.

आज ज्या प्रसंगाच्या निमित्ताने हा विषय घ्यावयाचा, तो आपल्या शहरांतून अजून तितकासा परिचित नाही. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. शर्यतीसाठी बांधलेला रस्ता एका दिवसापुरता साध्या मोटारमालकांना फी घेऊन खुला करतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो, पुढच्याने वाट दिल्याशिवाय त्याला ओलांडता येत नाही, आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी लोक आपापली मोटार फिरवतात. तमिळनाडूत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरजवळ असे रस्ते आहेत. दिल्लीजवळचा ग्रेटर नोएडाचा रस्ता २०११ साली झाला. परंतु या छंदाचे माहेर इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात तेथे जागोजाग विमानतळ बांधले गेले आणि युद्ध संपल्यावर त्यांच्या कडेकडेच्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. विल्टशर परगण्यातील कॅसल कूम हा त्यांपैकीच एक. तो १९५० साली सुरू झाला. लांबी सुमारे तीन किलोमीटर. मोटारी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणजे उजवीकडची वळणे अधिक. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणि मोटार कोणती घ्यावी? आम्ही मिनी घेतली आहे. ही निवड केवळ प्रेमापोटी नाही. सस्पेन्शनचा विचार उघड्या डोळ्यांनी करावयाचा तर इतकी सोपी, इतकी लहान आणि तरीही इतकी विचारपूर्वक केलेली दुसरी मोटार आम्हांला ठाऊक नाही.

१९५६ साली सुएझ कालव्याचा तंटा पेटला आणि इंग्लंडात पेट्रोल मोजून मिळू लागले. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या लेनर्ड लॉर्ड यांनी अॅलेक इसिगोनिस या इंजिनिअराला अगदी लहान, पण चार माणसे नीट बसतील अशी मोटार करावयास सांगितले. इसिगोनिस मूळचे स्मिर्ना शहरचे. त्यांनी दहा फूट लांबीत ही मोटार बसवली. इंजिन आडवे घातले, गिअरबॉक्स त्याच्याखालीच तेलाच्या कुंडात ठेवला, ओढ पुढच्या चाकांना दिली आणि चाके अवघ्या दहा इंचांची घेतली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात आली आणि २००० सालापर्यंत ती निघत राहिली. वजन सुमारे सहाशे किलो.

येथे एक अडचण होती. सहाशे किलोच्या मोटारीत चार माणसे बसली की तीनशे किलो, म्हणजे निम्मे वजन वाढते. एकटा माणूस असताना मऊ लागणारी स्प्रिंग चौघांच्या भाराने जमिनीला टेकेल. चौघांना झेपणारी स्प्रिंग घातली तर एकट्याचे हाडन् हाड खिळखिळे होईल. ही अडचण अॅलेक्स मोल्टन यांनी सोडवली. त्यांच्या घराण्याचा रबराचा व्यवसाय ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी होता. ते गावही विल्टशरमध्येच, कॅसल कूमपासून फार दूर नाही. मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराचा शंकू बसवला. रबर जसजसे दाबावे तसतसे ते अधिक कठीण होत जाते. म्हणजे थोड्या भाराला मऊ आणि जास्त भाराला ताठ, हे काम एकच ठोकळा करू लागला, आणि जागाही वाचली. मधल्या काही वर्षांत रबराबरोबर पाणी वापरणारी दुसरी योजना मिनीत आली, पण शेवटी रबरी शंकूच टिकले.

मिनीने पुढे शर्यतींत नाव काढले ते सर्वांना ऐकून माहीत असते. फॉर्म्युला वनमध्ये १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे ज्यांच्या मोटारी जगज्जेत्या ठरल्या त्या जॉन कूपर यांनी तिची शक्ती वाढवली, आणि १९६४, १९६५ व १९६७ या तीन वर्षी तिने मोंटे कार्लोची रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिल्या तीन मोटारी मिनीच होत्या. पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद केले गेले. तो वाद येथे नको.

आता वळणाकडे. मोटार उजवीकडे वळते तेव्हा आतली माणसे डावीकडे कलतात. एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्याला हे शिकवावे लागत नाही. माणसांप्रमाणेच मोटारीचा भारही उजव्या चाकांवरून डाव्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, याचा हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे. समजा मोटार आणि चालक मिळून ७०० किलो, वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून अर्धा मीटर उंच, दोन बाजूंच्या चाकांतले अंतर १.२ मीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश. तर ७०० ला ०.८ ने गुणा, ०.५ ने गुणा, १.२ ने भागा. उत्तर सुमारे २३३ किलो. एवढा भार आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला जातो.

या हिशेबात स्प्रिंग किती ताठ आहे हा आकडा कोठेच आला नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. पुष्कळांची समजूत अशी असते की ताठ स्प्रिंगा घातल्या की मोटार कलत नाही, म्हणून भार सरकत नाही. ती चुकीची आहे. मोटार कमी कलेल, पण भार जवळजवळ तेवढाच सरकेल. तो कमी करावयाचा तर मोटार बुटकी तरी करावी, रुंद तरी करावी किंवा हलकी तरी. बुटकी करण्याचा सोस सर्वांना असतो. पण एक इंचाने खाली आणली तर आपल्या उदाहरणात २३३ मधले अवघे बारा किलो वाचतात.

मग सस्पेन्शनच्या हातात काय उरते? उरते ती वाटणी. हे २३३ किलो सरकणारच आहेत. पण त्यांतले किती पुढच्या जोडीतून सरकावे आणि किती मागच्या, हे आपण ठरवू शकतो. सगळी विद्या येथे आहे.

यासाठी टायरचा एक स्वभाव माहीत हवा. टायरवर भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. कल्पनेचा आकडा घ्या. दोनशे किलो भाराखाली टायर बाजूने दोनशे किलोची ओढ सोसतो; पण चारशे किलोखाली चारशे नव्हे, तीनशेसाठच. मग एका जोडीत दोनशे-दोनशे भार असेल तर पकड चारशे. सगळा भार एकाच टायरवर गेला तर तीनशेसाठ. दोन हमालांत वाटलेले पोते आणि एकाच्याच पाठीवर टाकलेले पोते यांत जो फरक, तोच येथे. म्हणून ज्या जोडीतून जास्त भार सरकतो त्या जोडीची पकड घटते.

मिनीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असते. त्याच चाकांनी वळायचे आणि त्यांनीच ओढायचे. साहजिकच जोरात वळण घेताना पुढची चाके आधी हार खातात. स्टिअरिंग वळवले तरी मोटारीचे नाक बाहेरच्या कडेकडे जाऊ लागते. याला अंडरस्टीअर म्हणतात. उलट, मागची चाके आधी सुटली तर शेपूट बाहेर येते आणि मोटार स्वतःभोवती फिरू पाहते; तो ओव्हरस्टीअर.

नाक हट्टी असेल तर उपाय पुढे शोधावा असे वाटते, पण तो मागे आहे. मागच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी आडवी कांब, म्हणजे अँटिरोल बार, बसवली की मागची बाजू कलायला विरोध करते आणि सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा आपल्याकडे ओढून घेते. आपल्याच आकड्यांत पाहू. ७०० पैकी पुढे ४३४, मागे २६६. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर २१७ आणि मागच्या प्रत्येकावर १३३. साध्या मोटारीत समजा १५० किलो पुढून आणि ८३ मागून सरकले. पुढच्या आतल्या चाकावर उरले ६७. एवढ्या भाराने ते ओढ कसली देणार, गरगर फिरून धूर काढील. आता मागे कांब बसवली आणि वाटणी १०० व १३३ झाली. पुढच्या आतल्या चाकावर ११७ किलो राहिले, ते रस्ता धरून ओढू लागले. आणि मागच्या आतल्या चाकावर? शून्य. ते जमिनीवरून उचलले जाते. शर्यतीतल्या मिनीची छायाचित्रे पाहिली तर मागचे एक चाक हवेत धरलेले दिसते, एखाद्या कुत्र्याने खांबाशी धरावे तसे. ते अपघाताचे चित्र नव्हे, हा हिशेब आहे. मात्र चाक एकदा उचलले गेले की मागचे देणे संपले. कांब त्याहून जाड घातली तरी वळण जेथे कडक तेथे काही मिळत नाही. उरलेला भार पुढूनच जातो.

येथे सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पुढच्या ओढीची मोटार वळणाच्या मध्यावर असताना चालकाने घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट झपाट्याने बाहेर येते. जाड कांब बसवलेल्या मोटारीत हे इतक्या लवकर होते की नवख्याला कळेपर्यंत मोटार उलट तोंड करून उभी असते. पाऊस असेल तर विचारूच नये. अंडरस्टीअर झाला तर घाबरलेला मनुष्य जे करतो, म्हणजे पाय काढून घेतो, तेच बहुधा त्याला वाचवते. ओव्हरस्टीअरमध्ये तेच त्याला बुडवते. म्हणून आमचे मत असे की पहिल्या वर्षी नाकाचा थोडा हट्ट मोटारीत राहू द्यावा. वेळ एखाद्या सेकंदाने वाढली तरी चालेल. संध्याकाळी त्याच मोटारीने घरी जायचे आहे.

प्रत्यक्ष कामाला लागताना सुरुवात नवे सुटे भाग विकत घेऊन करू नये. आधी आहे ते तपासावे. जुन्या मिनीत मागची चाके ज्या दांड्यांवर असतात त्यांच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागते. ते न दिल्यास बुश झिजते आणि चाक तिरके होते. मागची खालची चौकट गंजाने खाल्लेली असते. बॉल जॉइंट सैल, रबरी बुशे चिंधी झालेली, आणि शंकू तर वीस वर्षांच्या दाबाने बसून दगड झालेले. अशा मोटारीवर कितीही महाग शॉकअॅब्सॉर्बर बसवला तरी तो भिंत पडलेल्या घराला रंग दिल्यासारखा होय. नवे शंकू आणि नवी बुशे एवढ्यानेच मिनीचा निम्मा कायापालट होतो.

त्यानंतर उंची. मिनीत शंकू आणि चाकाचा दांडा यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा एक आधार असतो. त्याऐवजी आटे पाडलेला, कमीजास्त करता येणारा आधार मिळतो. येथे तरफेचा हिशेब आहे: रबर एक मिलिमीटर हलले तर पुढचे चाक सुमारे तीन आणि मागचे सुमारे पाच मिलिमीटर हलते. तेव्हा पाना अर्धा फेरा फिरवतानाही मनात गुणाकार करावा. किती खाली आणावी याला साधी मर्यादा अशी की पुढचे खालचे दांडे जमिनीला समांतर राहावेत, चाकाकडे वर चढू नयेत. ते चढू लागले की मोटार ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदूच खाली जातो, आणि बुटकी केलेली मोटार पूर्वीपेक्षा जास्त कलू लागते. शिवाय चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. कॅसल कूमला क्वारी नावाच्या वळणाआधी रस्त्याला एक उंचवटा आहे. अतिबुटकी मोटार तेथे थांब्यावर आपटते. त्या क्षणी सस्पेन्शन संपलेले असते. मोटार आणि चाक एकजीव होऊन टायर उडू लागतो, आणि नेमके तेव्हाच ब्रेक दाबायचा असतो.

आपल्याकडे गॅरेजात करवतीने स्प्रिंगांचे दोन वेढे कापून मोटार ‘स्पोर्टी’ करून देणारे मिस्त्री आहेत. कापलेली स्प्रिंग चाक खाली सुटले की आपल्या खोबणीतून निसटू शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी झालेल्या मोटारीत मनमानी फेरफार करू देत नाही. रस्त्यावर चालवायच्या मोटारीत काही बदलण्यापूर्वी ते वाचलेले बरे.

उंची ठरल्यावर चाकांचे कोन. क्रम उलटा केला तर सगळे काम पुन्हा करावे लागते, कारण उंची बदलली की कोन बदलतात. समोरून पाहिले असता चाक वरच्या टोकाला आत किंवा बाहेर किती झुकले आहे, हा कॅम्बर. कारखान्यातून आलेल्या मिनीची पुढची चाके वर किंचित बाहेर झुकलेली असतात. वळणात मोटार कलली की बाहेरचे चाक आणखी बाहेर झुकते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चालतो. म्हणून चाक आधीच उलट, आत झुकवून ठेवावे. म्हणजे कलल्यावर ते सरळ उभे राहील. त्यासाठी थोडे लांब असे खालचे दांडे मिळतात, आणि पुढे दीड अंश आतला झुकाव रस्ता व ट्रॅक दोन्हींना मानवतो. मागे अर्धा अंश पुरे. याहून जास्त केले तर सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेने झिजतो आणि ब्रेक लावताना रस्त्याला पुरता टेकत नाही.

वरून पाहिले असता चाकांचे तोंड आत की बाहेर, हा टो. मिनीची पुढची चाके उभ्या मोटारीत दीड मिलिमीटरभर बाहेर तोंड करून ठेवतात, कारण इंजिनाची ओढ बसली की ती आत वळू पाहतात. मागची चाके सुमारे तीन मिलिमीटर आत तोंड करून असावीत. ती बाहेर फुटली तर मोटार सरळ रस्त्यावरही शेपूट हलवीत चालते. हे मोजायला यंत्र लागते असे नाही. मोटारीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँड ठेवून दोन दोऱ्या ताणाव्या, मोटारीच्या मध्यरेषेला समांतर, चाकांच्या मध्याच्या उंचीवर; आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. गवंडी ओळंबा लावतो तितकेच हे सोपे, आणि तितकीच चिकाटी मागणारे. मोजताना चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावी.

पोती ठेवलेलीच आहेत तर चारही चाकांखाली काटे ठेवून भारही पाहावा. चौरंगाचा एक पाय लांब असला की तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरका पाय असे दोनच जमिनीला भक्कम टेकतात, बाकीचे दोन डुगडुगतात. मोटारीचेही तसेच. एका कोपऱ्याचा आटा वाढवला की तो आणि तिरका कोपरा जड होतात. चालक एका बाजूला बसत असल्याने चारही आकडे जुळणार नाहीत. दोन तिरक्या बेरजा जवळजवळ सारख्या आल्या की थांबावे.

शॉकअॅब्सॉर्बरबद्दल थोडक्यात. हा भाग मोटार किती कलावी हे ठरवीत नाही, किती वेगाने कलावी हे ठरवतो. ट्रॅकवर प्रथम सर्वांत मऊ ठेवून निघावे. एका वळणातून लगेच दुसऱ्या वळणात शिरताना मोटार होडीसारखी झुलत असेल तर एकेक खटका आवळावा. रस्त्याच्या खडबडीत भागावर चाक टुणटुणू लागले की दोन खटके मागे यावे.

शेवटी टायर, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल तेच देतात. एक पाळी संपवून मोटार आत आली की ताबडतोब प्रत्येक टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्यावर आणि बाहेरच्या कडेला मोजावे. मध्य सर्वांत गरम तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड तर हवा कमी. बाहेरची कड तापलेली तर कॅम्बर अपुरा. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम असावी. हवेचा दाबही तापमानाबरोबर वाढतो, दर दहा अंशांना साधारण दीड पौंड. सकाळी अठ्ठावीस पौंड भरलेला टायर पस्तीस अंशांनी तापला की तेहतीसवर जातो; म्हणून जो आकडा धरायचा तो गरम टायरचा. आणि कॅसल कूमची वळणे बहुतेक उजवीकडची, हे आपण आधी पाहिले. तेथे सारा ताप डाव्या टायरांना. डाव्यांतली हवा निघताना एक-दोन पौंडांनी कमी ठेवली तर गरम झाल्यावर चारही सारखी येतात.

दर खेपेला एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. कांब, हवा आणि खटके तिन्ही एकदम बदलून मोटार सुधारली, तर कशाने सुधारली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही.

दिवस संपला की घरी निघण्यापूर्वी टायर निवू द्यावे आणि रस्त्याचा दाब पुन्हा भरावा, मागची कांब मऊ खुणेवर आणावी, खटके मोजून मागे घ्यावे, चाकांचे नट आवळून पाहावे. शंकू नवे घातले असतील तर पंधरा दिवसांनी दोऱ्या पुन्हा बांधाव्या. तोवर रबर बसलेले असते, मोटार काही मिलिमीटर खाली आलेली असते, आणि तिच्याबरोबर सगळे कोनही हललेले असतात.